मागच्या खोलीच्या जागी तलाव

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो मानेनेच केला; पण पत्रात वाकूनच धरावा.) तुझी तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, डोळ्यांत औषधाचे थेंब नेमाने घालतेस की बाटली कपाटावर शोभेला ठेवली आहेस, हे सगळं रीतीप्रमाणे विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे. ‘सगळं ठीक आहे.’ कित्येक वर्षं फोनवर तू मला हे एकच वाक्य ऐकवतेस आणि मी पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवून देतेस. म्हणून ह्या वेळी पत्र. तू जन्मभर मुख्याध्यापिका होतीस. समोर आलेलं लिखाण शेवटपर्यंत वाचून त्यातल्या चुका काढल्याशिवाय तुला जेवण गोड लागत नाही, ह्यावर विसंबून जरा लांबलचक लिहितो आहे.

मी बरा आहे. महिनाअखेरीस निवृत्त होतो आहे. विद्यापीठाने दिलेली राहती जागा सोडायची आहे, म्हणून घरभर खोकी पडली आहेत आणि त्यांतल्या कुठल्या तरी खोक्यात माझा चष्मा आहे. (आकाशातून पृथ्वीवरची वस्तू शोधून देणारा प्राध्यापक स्वतःचा चष्मा शोधतो आहे, हा तुझा विनोद मी तुझ्या वतीने करून टाकला. आता तू करू नकोस.) निवृत्तीनंतर राहायचं कुठे ते ठरलेलं नाही. म्हणजे मनातल्या मनात ठरलं होतं, पण त्यावर तू पाणी फिरवलंस. तेच सांगायला बसलो आहे.

तर सगळ्यात आधी अभिनंदन! आपल्या घराची मागची खोली पाडून तिथे तू पोहण्याचा तलाव बांधलास आणि सख्ख्या भावांना ताकास तूर लागू दिली नाहीस. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याने अधू, छत्री घेतल्याशिवाय अंगणात सुद्धा न उतरणारी माझी बहीण घरामागे तलाव बांधते, ह्याला म्हणतात हिंमत. तीर्थरूप हा शब्द आजवर मी नुसता सवयीने लिहीत आलो. आता तुझ्या दारी खरंच पाणी आल्यावर तो तुला शोभून दिसतो.

तुला वाटेल हे मला वहिनीने सांगितलं. नाही. ह्या वेळी वहिनीला मी सांगितलं (तो भाग पुढे येईल, तोवर धीर धर). मला कळलं ते माझ्या धंद्यामुळे. आमच्याकडे उपग्रहाने काढलेली नवीन चित्रं आली की विद्यार्थी त्यांत पिकं बघतात, जंगलं बघतात, कुठल्या नदीने पात्र बदललं ते बघतात. मी खोलीचं दार लावून घेतो आणि पहिल्यांदा आपलं घर बघतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाची चित्रं इतकी ढोबळ होती की आपलं घर, शेजारच्या शिंपिणीचं घर, कोपऱ्यावरचा दवाखाना आणि तुझी शाळा असे सगळे मिळून एक करडा ठिपका व्हायचा. त्या ठिपक्याकडे बघून मी म्हणायचो, ह्यात कुठे तरी ताई आहे आणि ती कोणावर तरी रागावते आहे. पुढे उपग्रह सुधारले. घराला स्वतःचे चार ठिपके मिळाले. मग मागच्या खोलीच्या छपराचा उतार दिसायला लागला, मग पुढच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, मग अंगणातलं झाड. (तू मात्र कधी दिसली नाहीस. तेवढे ते अजून सुधारलेले नाहीत, आणि सुधारले तरी तू त्यांच्याकडे मान वर करून बघणारी नव्हेस.) विभागातल्या लोकांना वाटतं, सर दार लावून संशोधन करतात.

गेल्या महिन्यात असंच एक ताजं, बिनढगाचं चित्र आलं. बघतो तर मागच्या खोलीचं कौलांचं तांबूस छप्पर गायब आणि त्या जागी निळाशार चौकोन! डोळे चोळले. चष्मा पुसला (तेव्हा तो होता). शेवटी संगणकाला विचारलं. आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, तो चित्रातला रंग बघून सांगतो की हे शेत, हा रस्ता, हे घर. त्याने तुझ्या निळ्या चौकोनाकडे बघितलं आणि जराही न अडखळता उत्तर दिलं: पाणी.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. ती खोली माझी होती. कायद्याने नसेल, पण खिडकीखालचं डुगडुगणारं टेबल माझं होतं, दाराच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले ग्रहांचे चुकीचे व्यास माझे होते, आणि पलंगाखालची ती पत्र्याची पेटी माझी होती, जिच्यात मी गावाचे स्वतः काढलेले नकाशे ठेवत असे. (सगळ्या नकाशांत आपलं घर गावाच्या मधोमध आणि शाळा कागदाच्या बाहेर.) निवृत्त झाल्यावर त्या खोलीत येऊन राहावं, सकाळी तुझ्याबरोबर चहा घ्यावा, दुपारी तुझ्याशी भांडावं, असं मी बरीच वर्षं मनात धरून होतो. तुला कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच विचारलं असतंस की भाडं किती देणार. आणि इकडे तू माझ्या खोलीत पाणी भरून ठेवलंस! टेबलाचं काय केलंस? पेटी तरी बाहेर काढलीस का?

असो. माझ्या धंद्याबद्दल तुझं मत कधीच चांगलं नव्हतं, त्यामुळे मला न विचारता माझी खोली बुडवलीस ह्यात नवल नाही. मी दूरसंवेदन शिकवायला लागलो हे तुला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणजे काय ते तू विचारलंस, आणि मी म्हटलं, एखाद्या गोष्टीला हात न लावता, लांबूनच ती काय आहे ते ओळखायचं. त्यावर तू म्हणालीस, “म्हणजे दुरून डोंगर साजरे. त्याचा पगार मिळतो?” मिळतो ताई. अजून महिनाअखेरपर्यंत मिळतो.

आणि न्यायाने बघितलं तर मला ह्या धंद्याला तूच लावलंस. आठवतं ना, अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवून तू मागच्या खोलीत वाचत बसायचीस आणि मला गच्चीवरच्या टाकीवर चढवायचीस, बाबा कोपऱ्यावर दिसले की शिट्टी घालायची म्हणून. माझी ती पहिली नोकरी. उंच जागा, लांबवर नजर, पगार म्हणून अर्धं बिस्किट. मी पोस्टमनला बाबा समजून शिट्टी घालायचो आणि तू पानात बोट घालून धावायचीस, ते निभलं. पण एकदा मी बाबांना पोस्टमन समजून गप्प बसलो. त्या दिवशी तुझी कादंबरी गेली, माझं बिस्किट गेलं आणि तू मला सुनावलंस, “तुला लांबचं ओळखता येत नाही आणि जवळचं दिसत नाही.” (माझं लग्न राहिलं तेव्हा हेच वाक्य तू पुन्हा ऐकवलंस. शब्द तेच. फक्त त्या वेळी रडत होतीस.) त्यानंतर घरातल्यांनी माझं नाव दुर्बीण ठेवलं ते आजतागायत.

पुढे इंजिनीअर झालो आणि पहिल्याच नोकरीत रस्त्याच्या मोजणीवर गेलो. तिथे तिकाटण्यावर यंत्र लावून एका डोळ्याने लांबच्या खांबाकडे बघायचं असतं. मी खांब अगदी छान बघितला. तो बघत बघत, यंत्र नीट लागलं आहे ना हे तपासायला दोन पावलं मागे सरकलो आणि चरात पडलो. चर आम्हीच खणून घेतला होता. हात गळ्यात बांधून घरी आलो तेव्हा तू मला भरवलंस, आणि प्रत्येक घासाला विचारलंस की हा तरी नीट दिसतो आहे ना. तेव्हाच मी ठरवलं, आता असं काही तरी करायचं ज्यात चर आकाशातून बघता येईल.

प्राध्यापक झाल्यावर मात्र मी पडणं थांबवलं आणि इतरांना पाडायला लागलो. एक प्रसंग तुझ्यापासून आजवर लपवून ठेवला आहे, पण आता निवृत्तीच्या तोंडावर कशाला लाजू? एका मोठ्या तळ्याचं चित्र मी तपासलं आणि अहवाल दिला की तळं पार आटलं असून त्यावर हिरवंगार शेत झालं आहे. खळबळ उडाली. पाण्याच्या खात्याचे बडे साहेब दोन गाड्या घेऊन आले, मलाही बरोबर घेतलं. तिथे पोहोचलो तर खरोखरच हिरवंगार! नजर पोहोचेल तिथवर मऊ, रुंद पानं, मधूनमधून जांभळी फुलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, प्रोफेसर, मान गए. (साहेबांना आनंद झाला की ते भाषा बदलतात.) आणि कोणी कुठलं पीक लावलं आहे ते बघायला म्हणून बुटासकट त्या शेतात उतरले. ती जलपर्णी होती, ताई. खाली तळं जिथल्या तिथे होतं. साहेब कंबरेपर्यंत गेले तेव्हा मी त्यांना हात दिला, आणि माझी कंबर तुला माहीतच आहे. त्या उसणीचं मूळ तिथे आहे. परतीच्या प्रवासात दुसऱ्या गाडीत जागा नसल्यामुळे मी ओल्या साहेबांच्या शेजारी बसलो, आणि संबंध रस्ताभर आम्ही दोघं काचेबाहेरची शेतं बघत होतो. ती खरी शेतं होती, पण त्यांवर बोलायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून मी वर्गात एक नियम शिकवतो. वरून कितीही स्पष्ट दिसलं तरी एकदा जागेवर जायचं, चिखलात पाय घालायचा, हाताने चाचपून बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. ह्या नियमावर मी फार सुंदर बोलतो. मुलं वह्या बाजूला ठेवून ऐकतात. आमच्या विभागप्रमुख बाई (माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, आता मला रजा मंजूर करतात) म्हणतात की सर, तुमचं हे व्याख्यान म्हणजे विभागाची शान आहे. आणि हे व्याख्यान देणारा माणूस स्वतः आपल्या बहिणीच्या दाराशी शेवटचा कधी आला होता हे मला कोणी विचारत नाही, हे एक बरं आहे. चित्र दर पंधरवड्याला येतं ना, त्यामुळे आल्यासारखंच वाटतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. मी उंट सुद्धा ठेवला नाही.

आता वहिनीचा भाग. तुझ्या तलावाचा शोध लागल्यावर मी तिला फोन केला आणि बजावून सांगितलं की ही गोष्ट कोणाला कळता कामा नये. आपल्या घरात एखादी बातमी सगळीकडे पोहोचवायची असेल तर ह्याहून खात्रीचा मार्ग नाही. संध्याकाळपर्यंत मधल्याला, पुतणीला, पुतणीच्या कचेरीतल्या मैत्रिणींना आणि वहिनीच्या दाताच्या डॉक्टरला कळलं होतं. रात्री जेवायच्या वेळेला मधल्याचा मलाच फोन: “दुर्बीण, तुला काही कळलं का?”

मधल्याला आनंद झाला असं वाटलं असेल तर तू आपल्या भावाला ओळखत नाहीस. त्याचा अपमान झाला. घरात स्वतःचा कंत्राटदार भाऊ असताना ताईने परक्या कंत्राटदाराकडून तलाव बांधून घेतला! दोन दिवस तो घुम्यासारखा बसून होता. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला आणि जो सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. त्याचं म्हणणं, दुसऱ्याने बांधलेला तलाव गळणारच. पाया खणताना कंजूषपणा केला असणार, अस्तर एकाच हाताचं असणार, वर्षभरात भिंती ओल धरणार. (मी एवढंच म्हणालो की चित्रात कडेचं काम मलाही जरा संशयास्पद वाटलं. ह्यापलीकडे एक शब्द बोललो असेन तर शपथ.) आता तो टेम्पो भरतो आहे. गळती बंद करायच्या रसायनाचे डबे, सिमेंट, जाळी, शिडी, लाकडी वासे, आणि आपले दोन जुने गवंडी. परक्या माणसाची चूक शोधून ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची आणि तुझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, एवढं त्याचं साधं स्वप्न आहे. शिवाय डॉक्टरने त्याला गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं आहेच. त्यासाठी त्याने निळ्या पट्ट्यांची चड्डी घेतली आहे, आणि वहिनी सांगते की तो पलंगावर पालथा पडून हात मारायचा सराव करतो. एकदा हात मारता मारता त्याने उशाशी ठेवलेला दिवा फोडला. पुतणीने पोहण्याचा चष्मा आणि टोपी घेतली आहे. वहिनीने काय घेतलं ते तिने सांगितलं नाही, पण आरशासमोर उभी राहून झाल्यावर ती ते परत करायला गेली आणि न करताच आली, एवढी बातमी आहे.

पण ताई, सगळ्यांत मोठा फरक पडला तो वेगळाच. गेल्या वर्षी तू न्हाणीघरात घसरलीस तेव्हा हीच मंडळी तुला उचलून आपल्या चौथ्या मजल्यावर न्यायला निघाली होती, आठवतं ना? घर जुनं झालंय, पडायला आलंय, तू एकटी, वयाचा विचार कर, वगैरे. मधल्याचे तर जुनी भिंत दिसली की पाडायला हात शिवशिवतात. तू काठी उगारून त्यांना फाटकाबाहेर काढलंस, पण जाताना वहिनी म्हणाली होती की ह्यापुढे घरात जरा काही मोडलं, पडलं, की तुम्हाला विचारायला थांबणार नाही, सरळ सामान उचलू. ती बोलते तसं करते. मला त्या वाक्याची तेव्हापासून धास्ती होती. तुला त्या चौथ्या मजल्यावर, बंद खिडकीशी, दुसऱ्याच्या वेळेने चहा पिताना मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही. तर आता ऐक. परवा मी वहिनीला सहज विचारलं की ताईला तुमच्याकडे आणायचं काय झालं, तर म्हणाली, “अहो भाऊजी, ज्या बाई ह्या वयात तलाव बांधतात, त्यांना आपण काय सांभाळणार? त्याच आपल्याला सांभाळतील.” विषय मिटला. तलावाने तुझं घर वाचवलं, असंच म्हणायला हवं.

तर सगळी वरात येत्या रविवारी सकाळी तुझ्या दाराशी येते आहे. तू ह्यांना दारातून परत पाठवशील ही भीती मला होती, पण टेम्पो आणि चड्डी घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं तुलाही जड जाईल. मी मात्र अजून रुसलेलाच आहे. माझी खोली गेली, टेबल गेलं, पेटी गेली; चाळीस वर्षं ज्याच्याकडे वरून बघितलं त्याच्यात आता मधला हातपाय मारणार. तरी तुझ्या सुखात आमचं सुख. शिंपिणीला माझा नमस्कार सांग. औषधाचे थेंब घाल.

तुझा आज्ञाधारक (वाटेल तेव्हा),
दुर्बीण

ता. क. मधल्याच्या गवंड्यांना साखर जास्त लागते, चहा तसा ठेव. टॉवेल काढून ठेवू नकोस, लागणार नाहीत.

आणखी एक ता. क. का लागणार नाहीत ते तुला पहिल्या पानापासून माहीत आहे आणि तू केव्हाची दात-ओठ खात बसली असशील, म्हणून आता सांगून टाकतो. तो तलाव नव्हे. ती ताडपत्री आहे. निळी, नवी, आणि पूर्वेकडचं टोक नीट न बांधलेली.

मला हे दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. ताई, मी चुकतो, पण एका तळ्यावर दोनदा चुकत नाही. आमच्याकडे चित्राची अशीही एक बाजू असते जी डोळ्यांना दिसत नाही, नुसत्या यंत्राला दिसते, आणि तिच्यात पाणी काळं ठिक्कर येतं. तुझा तलाव तिच्यात लख्ख उजळ होता. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना सुद्धा कळतं. मग मागची चित्रं काढली, आणि पंधरवड्याने नवं आलं तेही बघितलं. एकात निळा चौकोन सरळ, पुढच्यात त्याचं एक टोक दुमडलेलं, म्हणजे वाऱ्याने उचललेलं. तलावाचं टोक वाऱ्याने उचललं जात नाही. त्याच्या आधीच्या चित्रात कौलांच्या मध्ये एक काळा डाग होता, तो मी तेव्हा झाडाची सावली समजलो होतो. छप्पर तिथे बसलंय, हो ना? आणि गेल्या पावसात रोज रात्री मी फोन करत होतो तेव्हा तू मला ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होतीस.

मला तुझा राग आला. मग कळलं की तू का सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी वहिनी सामान बांधायला हजर झाली असती. मी खरं सांगितलं असतं तरी तेच झालं असतं. ज्या बाईचं छप्पर गळतं तिला उचलून नेतात. जिने तलाव बांधलाय तिच्याकडे लोक पाहुणे म्हणून जातात. म्हणून मी वहिनीला फोन केला आणि कोणाला कळता कामा नये म्हणून बजावलं. मधला गळती बंद करायचं सगळं सामान घेऊन येतोच आहे. गळती नक्की कुठे आहे, एवढंच त्याला माहीत नाही.

अजून एक. रविवारी ते येतील, ताडपत्री बघतील, आणि सगळे माझ्याकडे वळतील. चाळीस वर्षांचा तज्ज्ञ, निवृत्तीच्या तोंडावर, ताडपत्रीला पाणी म्हणाला! पुतणी पोहण्याचा चष्मा घालून हसेल. मधला तर जन्मभर हसेल. त्या पट्ट्यांच्या चड्डीची सगळी लाज तो माझ्यावर काढेल. काढू दे. एवढी मजा चालू असताना तुझी दया करायला कोणाला वेळ होणार नाही. आणि गळकं छप्पर समोर, टेम्पोत सामान, शेजारी गवंडी, अशा वेळी मधला हात खिशात घालून उभा राहिलेला तू कधी पाहिलायस? संध्याकाळपर्यंत तो वर चढलेला असेल. तू फक्त एक कर. मला सगळं माहीत होतं हे तोंडातून काढू नकोस, आणि माझ्यावर सगळ्यांत मोठ्याने तू हस. हे तुला जड जाणार नाही.

अगदी शेवटचं. छप्पर झालं तरी वहिनी जाता जाता म्हणेलच की पण ताई एकट्या कशा राहणार. त्याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि तेवढ्यासाठी हे सगळं पत्र आहे. मागची खोली मला दे. भाडं तू म्हणशील ते. मी शनिवारीच येतो, सगळ्यांच्या आधी, माझी खोकी मागून येतील. तोवर खोलीतलं काही हलवू नकोस. तू बादली कुठे ठेवली आहेस ते मला वरून दिसत नाही.